खेळाधारित अद्भुतकथा

खेळाधारित अद्भुतकथा हा अद्भुतरम्य साहित्याचा एक उपप्रकार आहे. एखाद्या खेळाचे विश्व, पात्रे, नियम किंवा खेळण्याची पद्धत यांवर बेतलेल्या कथा, कादंबऱ्या व पुस्तकमालिका यांचा त्यात समावेश होतो. हा खेळ टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायचा असू शकतो, संगणकावरील व्हिडिओ गेम असू शकतो किंवा लेखकाने केवळ कथेपुरता कल्पिलेला असू शकतो. या प्रकाराचा उगम १९७० च्या दशकात अमेरिकेत झाला. पुढे ब्रिटन, जपान, रशिया व दक्षिण कोरिया या देशांत त्याची निरनिराळी रूपे विकसित झाली. अपरिचित प्रदेशातील प्रवास, सोबत्यांचा गट, टप्प्याटप्प्याने वाढणारे सामर्थ्य आणि संकटातील निर्णय ही खेळांतील आकर्षणे या साहित्यात वाचनातून अनुभवता येतात. त्यामुळे व्हिडिओ गेमला पर्याय किंवा पूरक छंद म्हणूनही त्याकडे पाहिले जाते. मात्र खेळ आणि कथा यांत एक मूलभूत भेद आहे. खेळातील पराभव पुसून डाव पुन्हा मांडता येतो. कथेत घडलेली गोष्ट घडून गेलेली असते. या प्रकारातील उल्लेखनीय पुस्तके बहुधा याच भेदाभोवती उभी राहिलेली आढळतात.

संज्ञा आणि व्याप्ती

या साहित्याचे स्थूलमानाने तीन गट पडतात. पहिल्या गटात प्रत्यक्ष अस्तित्वात असलेल्या खेळाच्या विश्वात घडणाऱ्या कादंबऱ्या येतात. दुसऱ्या गटात 'गेमबुक' म्हणजे वाचकाने स्वतः निर्णय घेत पुढे न्यायची पुस्तके येतात. तिसऱ्या गटात खेळाच्या आत अडकलेल्या किंवा खेळासारखे नियम असलेल्या जगात वावरणाऱ्या नायकांच्या कथा मोडतात. या तिसऱ्या गटातील एका शाखेस 'लिटआरपीजी' असे नाव आहे.

साहित्यकृतीवरून तयार झालेले खेळ या प्रकारात येत नाहीत. उदाहरणार्थ, पोलिश लेखक आंद्रझेय सापकोव्स्की यांची 'विचर' ही कथा १९८६ मध्ये 'फान्तास्तिका' या मासिकात प्रसिद्ध झाली आणि तिच्या विश्वावरील पहिला मोठा संगणकीय खेळ २००७ मध्ये आला. येथे प्रवास पुस्तकाकडून खेळाकडे झाला. खेळाधारित अद्भुतकथेत तो उलट दिशेने होतो. तथापि हा खेळ खेळून मूळ पुस्तकांकडे वळलेले वाचकही पुष्कळ असल्यामुळे दोन्ही दिशांचा विचार अनेकदा एकत्र केला जातो.

पार्श्वभूमी

या साहित्याचे मूळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी तयार केलेला हा खेळ १९७४ मध्ये 'टीएसआर' या कंपनीने प्रसिद्ध केला. त्यात एक जण सूत्रधार असतो. तो प्रसंगाचे वर्णन करतो आणि इतर खेळाडू आपापल्या पात्राच्या वतीने 'मी काय करतो' हे सांगतात. कृती यशस्वी झाली की नाही, याचा निकाल फासे देतात. प्रत्येक पात्राचे बळ, चपळता, बुद्धी इत्यादी गुण अंकांत मांडलेले असतात आणि अनुभवाबरोबर पात्राची पातळी वाढत जाते.

हा खेळ स्वतःच वाचनातून जन्मला होता. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूत्रधाराच्या मार्गदर्शिकेत गायगॅक्स यांनी आपल्याला प्रेरणा देणाऱ्या पुस्तकांची यादी परिशिष्टात दिली होती. तीत रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, जॅक व्हान्स, मायकेल मूरकॉक, जे. आर. आर. टॉल्किन आदी लेखकांचा समावेश होता. खेळातील जादूगाराने मंत्र आधी पाठ करावा आणि उच्चारताच तो त्याच्या स्मरणातून पुसला जावा, हा नियम व्हान्स यांच्या 'द डाइंग अर्थ' (१९५०) या पुस्तकातील कल्पनेवरून घेतलेला आहे. पुस्तकातून खेळात गेलेली ही कल्पना पुढे खेळावरच्या कादंबऱ्यांतून पुन्हा पुस्तकात आली.

इतिहास

आरंभीच्या कादंबऱ्या

आंद्रे नॉर्टन या लेखिकेने गायगॅक्स यांच्यासह हा खेळ प्रत्यक्ष खेळून पाहिला आणि त्यानंतर 'क्वाग कीप' (१९७८) ही कादंबरी लिहिली. या खेळावर आधारलेली ही पहिली कादंबरी मानली जाते. आपल्या जगातील काही खेळाडू खेळाच्या जगात ओढले जातात आणि त्यांच्या मनगटावर फासे जडवलेली कडी असतात, अशी तिची कल्पना आहे. जोएल रोझेनबर्ग यांच्या 'द स्लीपिंग ड्रॅगन' (१९८३) मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा एक गट अशाच रीतीने खेळातील जगात जाऊन पडतो. तेथील वेदना आणि मृत्यू खरे आहेत, हे त्यांच्या लवकरच लक्षात येते.

१९८४ मध्ये मार्गारेट वाइस व ट्रेसी हिकमन यांची 'ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. 'ड्रॅगनलान्स' या प्रकल्पात खेळाचे साहस-संच आणि कादंबऱ्या एकाच वेळी तयार होत होत्या. मालिकेचे पुढील दोन खंड १९८५ मध्ये आले. या त्रयीच्या यशामुळे खेळाच्या कंपनीस प्रकाशनाचा स्वतंत्र व्यवसाय उभा करता आला. त्यानंतर एड ग्रीनवुड यांनी निर्मिलेल्या 'फर्गॉटन रेल्म्स' या विश्वातील कादंबऱ्या १९८७ पासून येऊ लागल्या. १९८८ मध्ये आर. ए. साल्वातोरे यांच्या 'द क्रिस्टल शार्ड' या कादंबरीतून 'ड्रिझ्ट' हा पात्रविशेष वाचकांसमोर आला आणि अल्पावधीत लोकप्रिय झाला.

खेळाचा उल्लेख न करता खेळातूनच वाढलेल्या साहित्यकृतीही आहेत. स्टीव्हन एरिकसन व इयन एस्लमाँट यांनी आपल्या 'मलाझन' विश्वाची जडणघडण प्रथम भूमिका-खेळ खेळताना केली. त्यावरील 'गार्डन्स ऑफ द मून' ही पहिली कादंबरी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली.

गेमबुक

एडवर्ड पॅकार्ड यांच्या 'द केव्ह ऑफ टाइम' (१९७९) या पुस्तकाने 'चूज युअर ओन अ‍ॅडव्हेंचर' ही मालिका सुरू झाली. यात वाचकाला 'तू' असे संबोधलेले असते. प्रसंगाच्या शेवटी दोन-तीन पर्याय आणि प्रत्येकाचा पृष्ठक्रमांक दिलेला असतो. त्यामुळे एकाच पुस्तकातून अनेक कथा आणि अनेक शेवट निघतात.

ब्रिटनमध्ये स्टीव्ह जॅक्सन व इयन लिव्हिंगस्टन यांनी या पद्धतीला फाशांची जोड दिली. त्यांचे 'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन' हे पुस्तक १९८२ मध्ये पफिन बुक्सने प्रसिद्ध केले आणि त्यातून 'फायटिंग फँटसी' ही मालिका उभी राहिली. या पुस्तकात ४०० क्रमांकित परिच्छेद आहेत. वाचनाला आरंभ करण्यापूर्वी वाचक फासे टाकून आपले कौशल्य, दम आणि नशीब यांचे अंक ठरवतो व ते कागदावर लिहून घेतो. झुंजीत जखम झाली की दमातून अंक वजा करावे लागतात. दम शून्य झाला की साहस संपते. शेवटची पेटी उघडण्यासाठी वाटेत मिळालेल्या किल्ल्यांवरील अंकांची बेरीज करून त्या क्रमांकाचा परिच्छेद उघडावा लागतो. ज्याने योग्य किल्ल्या मिळवल्या नाहीत, त्याला तो क्रमांक ठाऊक होण्याचा मार्ग नसतो. दोन फासे, पेन्सिल आणि खोडरबर एवढ्या साहित्यावर एकट्याने खेळता येणारा हा भूमिका-खेळ शाळकरी मुलांत फार लोकप्रिय झाला.

जो डेव्हर यांच्या 'लोन वुल्फ' (१९८४ पासून) या मालिकेत आणखी एक भर पडली. एका पुस्तकात मिळवलेली विद्या आणि वस्तू घेऊन वाचक पुढच्या पुस्तकात जाऊ शकतो. लेखकाच्या संमतीने या मालिकेतील पुस्तके पुढे आंतरजालावर विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आली.

जपान

जपानमध्ये भूमिका-खेळाच्या प्रत्यक्ष डावाचे संवादरूप वृत्तांत छापण्याची प्रथा पडली. त्यास 'रीप्ले' म्हणतात. 'कॉम्प्टिक' या मासिकात १९८६ पासून असा एक वृत्तांत क्रमशः प्रसिद्ध झाला. त्याचा सूत्रधार असलेल्या र्‍यो मिझुनो यांनी त्यावरून 'रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर' ही कादंबरीमालिका लिहिली (१९८८ पासून). रेकी कावाहारा यांची 'सोर्ड आर्ट ऑनलाइन' ही कथा २००२ पासून आंतरजालावर आणि २००९ पासून पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्यात १०,००० खेळाडू एका आभासी खेळात कोंडले जातात. १०० मजल्यांचा किल्ला सर केल्याखेरीज सुटका नाही आणि खेळातील मृत्यू हाच प्रत्यक्ष मृत्यू, असा त्या जगाचा नियम आहे.

व्हिडिओ गेमवरील कादंबऱ्या आणि लिटआरपीजी

संगणकीय खेळांचा प्रसार होताच त्यांवर बेतलेल्या कादंबऱ्याही येऊ लागल्या. 'पूल ऑफ रेडियन्स' हा संगणकीय खेळ १९८८ मध्ये आला व त्याच नावाची कादंबरी १९८९ मध्ये आली. १९९३ च्या 'मिस्ट' या खेळाच्या निर्मात्यांनी डेव्हिड विनग्रोव्ह यांच्यासह 'द बुक ऑफ अ‍ॅट्रस' (१९९५) लिहिली. पुस्तक लिहून त्यातील जगात जाण्याची विद्या हाच या खेळाचा आणि कादंबरीचाही विषय आहे. 'वॉरक्राफ्ट' या खेळाच्या विश्वात क्रिस्टी गोल्डन यांनी 'लॉर्ड ऑफ द क्लॅन्स' (२००१), 'आर्थस' (२००९) इत्यादी कादंबऱ्या लिहिल्या.

दक्षिण कोरियात नाम ही-संग यांची 'द लेजेंडरी मूनलाइट स्कल्प्टर' (२००७ पासून) ही मालिका गाजली. २०१० च्या दशकात रशियात 'लिटआरपीजी' हे नाव रूढ झाले. या शाखेत पात्राचे गुणांक, पातळी, मिळालेली बक्षिसे यांचे तक्ते कथेतच छापलेले असतात आणि पात्रांनाही ते दिसतात. वासिली माहानेन्को हे या शाखेतील एक प्रमुख रशियन लेखक होत. अमेरिकेतील मॅट डिनिमन यांची 'डंजन क्रॉलर कार्ल' (२०२० पासून) ही या शाखेतील अलीकडची लोकप्रिय मालिका आहे.

रचनेची वैशिष्ट्ये

सर्वसाधारण अद्भुतकथेत जादू कशी चालते, हे लेखक धूसर ठेवू शकतो. खेळाधारित कथेत मात्र नियम आधीच ठरलेले असतात आणि वाचकांपैकी अनेकांना ते पाठ असतात. नायकाची सुटका नियमांत बसणारी असावी लागते. त्यामुळे उपलब्ध साधनांतून मार्ग काढण्याची युक्ती हे या कथांचे एक मोठे आकर्षण ठरते. योद्धा, जादूगार, चोर, धर्मोपासक अशा परस्परपूरक कौशल्यांच्या सोबत्यांचा गट हेही खेळातूनच आलेले वैशिष्ट्य आहे. खेळात प्रत्येक खेळाडूला काही तरी काम हवे असते. कादंबरीत त्याचे रूपांतर एकमेकांवाचून अडणाऱ्या माणसांच्या मैत्रीत होते.

नियमाचे रूपांतर स्वभावात करणे ही या प्रकारातील लेखकाची खरी कसोटी समजली जाते. 'ड्रॅगनलान्स'मधील रेस्टलिन हा जादूगार याचे नेहमीचे उदाहरण आहे. खेळाच्या नियमानुसार जादूगार देहाने दुर्बल असतो आणि वापरलेला मंत्र त्याला पुन्हा पाठ करावा लागतो. कादंबरीत रेस्टलिन खोकत, थकून, पुन्हा पोथी उघडून बसणारा माणूस आहे. विद्येच्या परीक्षेची किंमत म्हणून त्याची कातडी सोनेरी आणि डोळ्यांच्या बाहुल्या वाळूच्या घड्याळासारख्या झाल्या आहेत. त्या डोळ्यांना प्रत्येक वस्तू काळाने झिजताना दिसते. खेळातील तक्त्यावर जो केवळ कमी अंक होता, तो येथे कटुता, महत्त्वाकांक्षा आणि धडधाकट जुळ्या भावाविषयीची असूया बनतो.

मृत्यू आणि पुनरारंभ

व्हिडिओ गेममध्ये पात्र मेले तर शेवटच्या नोंदवलेल्या टप्प्यापासून पुन्हा खेळता येते. पुन्हा पुन्हा चुकत शिकणे हा खेळाच्या आनंदाचा भाग आहे. गेमबुकमध्येही ही सोय वाचक स्वतःच करून घेतो. निर्णय घेताना आधीच्या पानात बोट अडकवून ठेवायचे आणि पुढे मृत्यू दिसला तर गुपचूप मागे यायचे, ही युक्ती या पुस्तकांच्या बहुतेक वाचकांनी केलेली असते.

कादंबरीत बोट अडकवून उपयोग नसतो. 'ड्रॅगन्स ऑफ विंटर नाइट' (१९८५) मध्ये स्टर्म हा सरदार किल्ल्याच्या तटावर एकटा उभा राहून ड्रॅगनस्वार सेनेला सामोरा जातो आणि मारला जातो. मूळ खेळाच्या नियमांत मृतास जिवंत करणारे मंत्र आहेत; लेखकांनी मात्र स्टर्मला परत आणले नाही. त्याच्या मरणाने सोबत्यांना वेळ मिळतो आणि ते दुःख त्यांना पुढच्या खंडापर्यंत सोबत न्यावे लागते. खेळाच्या विश्वात घडणारी ही कथा येथे खेळापासून वेगळी होते.

काही लेखकांनी पुनरारंभालाच कथाविषय केले आहे. व्हिव्हियन व्हँडे व्हेल्ड यांच्या 'एअर अपॅरंट' (२००२) या किशोर-कादंबरीत आभासी खेळात अडकलेली नायिका अनेकदा मरते व प्रत्येक वेळी आरंभापासून सुरुवात करते. बाहेरच्या जगात यंत्र बिघडलेले असल्याने तिच्या प्राणांची मुदत मात्र संपत येत असते. टेरी प्रॅचेट यांच्या 'ओन्ली यू कॅन सेव्ह मॅनकाइंड' (१९९२) या कादंबरीत हाच प्रश्न शत्रूच्या बाजूने विचारला आहे. ही कथा अंतराळयुद्धाच्या खेळाची असली तरी या चर्चेत तिचा उल्लेख आवश्यक ठरतो. तिच्यातील मुलगा संगणकावर शत्रूची याने पाडत असताना शत्रू अकस्मात शरण येतो. डाव नव्याने मांडला तर आपण पुन्हा जिवंत होतो, पण ते होत नाहीत, हे त्या मुलाला उमगते आणि त्यांना सुखरूप घरी पोचवण्याची जबाबदारी त्याच्यावर येते.

व्हिडिओ गेमला पर्याय म्हणून

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत 'गेमिंग डिसऑर्डर' या विकाराचा समावेश केला असून ती आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. खेळावरील नियंत्रण सुटणे, इतर गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे आणि दुष्परिणाम दिसूनही खेळ चालूच ठेवणे ही त्याची लक्षणे सांगितली आहेत. व्हिडिओ गेम खेळणारी प्रत्येक व्यक्ती या व्याख्येत बसत नाही. तसेच कादंबरीवाचन हा या विकारावरील उपचार नव्हे. पर्याय हा शब्द येथे केवळ मनोरंजनाच्या निवडीपुरता घ्यावयाचा आहे.

या निवडीचे काही विशेष सांगता येतात. पुस्तकाला महागडे यंत्र, वीज किंवा आंतरजाल लागत नाही. ते ग्रंथालयातून आणता येते आणि मित्राला देता येते. पुस्तकाला शेवटचे पान असते, तर अनेक ऑनलाइन खेळ संपू नयेत अशाच रीतीने रचलेले असतात. पात्राच्या मनात काय चालले आहे, हे कादंबरी थेट सांगू शकते आणि चित्राची उणीव वाचकाची कल्पनाशक्ती भरून काढते. खेळाचे विश्व आधीच परिचित असल्यास वाचनाची सवय नसलेल्या मुलालाही पुस्तकात शिरणे सोपे जाते. गेमबुक एकाने मोठ्याने वाचावे व इतरांनी निर्णय द्यावेत, अशा रीतीने घरात किंवा वर्गातही वापरता येते.

खेळाच्या काही गोष्टी मात्र वाचनातून मिळत नाहीत. हात व डोळे यांचे कौशल्य, कृतीला तत्काळ मिळणारा प्रतिसाद आणि दूरच्या मित्रांसमवेत एकाच वेळी खेळण्याची मौज पुस्तकात नसते. टेबलावरील भूमिका-खेळ हा या दोहोंमधील दुवा मानता येईल.

टीका

१९८० च्या दशकात अमेरिकेत भूमिका-खेळांविरुद्ध मोठा गहजब झाला. हे खेळ मुलांना वास्तवापासून तोडतात व अघोरी विद्येकडे नेतात, असा आक्षेप होता. रोना जॅफी यांच्या 'मेझेस अँड मॉन्स्टर्स' (१९८१) या कादंबरीत खेळात वाहवत गेलेला विद्यार्थी चित्रित केला आहे. तिच्यावर १९८२ मध्ये दूरचित्रपट निघाला व त्यात टॉम हँक्स यांनी प्रमुख भूमिका केली.

वाङ्मयीन आक्षेप निराळे आहेत. खेळाच्या विक्रीसाठी लिहून घेतलेल्या कादंबऱ्यांत ठरावीक साच्याची पात्रे, लढायांची पुनरावृत्ती आणि खेळ पुढेही चालू राहावा म्हणून बदलांना घातलेली मर्यादा हे दोष दाखवले जातात. लिटआरपीजीत पातळी वाढणे म्हणजेच पात्राची वाढ, असा समज होऊन अंकांचे तक्ते माणसाची जागा घेतात, अशी तक्रार केली जाते. आंतरजालावर क्रमशः लिहिल्या जाणाऱ्या कित्येक मालिका शेकडो प्रकरणे चालतात. तेव्हा पुस्तकाला शेवट असतो हे विधान त्यांना लागू पडत नाही.

मराठी वाचकांच्या संदर्भात

अद्भुतरम्यता मराठी कादंबरीस जन्मापासून परिचित आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नंतरच्या काळात नाथमाधव यांची 'वीरधवल' ही तिची ठळक उदाहरणे होत. खेळाधारित कादंबऱ्या व गेमबुके मात्र मराठी वाचकांपर्यंत प्रामुख्याने इंग्रजीतूनच पोचली आहेत.

खेळ आणि मृत्यू यांचे नाते सांगणारी भाषा मराठीत पूर्वीपासून आहे. मैदानी खेळांत बाद झालेला गडी 'मेला' आणि परत आलेला 'जिवंत झाला' असे म्हटले जाते. कबड्डीच्या जुन्या प्रकारांपैकी 'संजीवनी'त बाद गडी पुन्हा मैदानात येतो, तर 'गामिनी'त सर्व संघ बाद होईपर्यंत त्याला बाहेरच राहावे लागते. महाभारतातील द्यूतप्रसंगात तर हा भेद कथेच्या केंद्रस्थानी आहे. पहिल्या द्यूतात पांडवांनी हरलेले सर्व काही धृतराष्ट्र परत करतो, म्हणजे डाव पुसला जातो. सभेत झालेला तिचा अपमान मात्र पुसला जात नाही आणि कथा तेथून युद्धाकडे जाते.

हेही पहा

अद्भुतरस
डंजन्स अँड ड्रॅगन्स
भूमिका-खेळ
बालसाहित्य
व्हिडिओ गेम